जवादी मांजर : एका उपेक्षित प्राण्याची ओळख

(बी. ए. भाग दोन)

सुगंध म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे फुले येतात. मोगरा, चमेली, केवडा, गुलाब. फार तर चंदनाचे खोड किंवा वाळ्याच्या मुळ्या. परंतु अत्तराच्या कुपीत जे जे असते ते सारेच बागेतून येते असे नाही. जगातील अतिशय महाग अशी चार सुगंधी द्रव्ये शतकानुशतके प्राण्यांपासून मिळत आली आहेत. हिमालयातील कस्तुरीमृगाची कस्तुरी, देवमाशाच्या आतड्यात तयार होणारा अंबर, थंड प्रदेशातील बीव्हर नावाच्या प्राण्याच्या ग्रंथींतील द्रव्य आणि चौथी जवादी. यांपैकी पहिले तीन प्राणी आपल्या वऱ्हाडात कोणी पाहिलेले नाहीत. चौथा मात्र आपल्या गावाबाहेरच्या नाल्याकाठी, तुरीच्या धुऱ्याला, पडक्या वाड्याच्या भिंतीआड रोज रात्री हिंडत असतो. आपण त्याला ओळखत नाही. एवढेच असते तर बिघडले नसते. पण आपण त्याला भितो, आणि दिसला की काठ्या घेऊन त्याच्यामागे लागतो. म्हणून त्याची ओळख करून देण्याचा हा प्रयत्न.

नावांचा घोळ

आपल्या भागात रात्रीच्या वेळी फिरणाऱ्या, लांब शेपटीच्या, मांजरासारख्या दिसणाऱ्या प्राण्याला नाना नावे आहेत. कोणी त्याला उदमांजर म्हणते, कोणी काळमांजर, तर कोणी मसण्याऊद. जवादी मांजर आणि कस्तुरी मांजर ही नावे पुस्तकांत अधिक सापडतात. माझी आजी ह्या सर्वांना एकाच नावाने, म्हणजे मसण्याऊद म्हणून ओळखते. तिच्या पिढीतील बहुतेकांचे असेच आहे. वास्तविक ह्या नावांमागे निदान दोन निरनिराळे प्राणी आहेत.

पहिला उदमांजर. हा काळपट करड्या रंगाचा, केसाळ, तोंडावर काळा मुखवटा चढविल्यासारखा. शेपूट जवळजवळ धडाएवढी लांब आणि एकाच रंगाची असते. तिच्यावर कडी नसतात. हा झाडावर सराईतपणे चढतो. आंबा, जांभूळ, उंबर, शिंदीची फळे हा त्याचा आवडता आहार. दिवसा तो झाडाच्या ढोलीत किंवा घराच्या माळवदावर, छताच्या पोकळीत झोपून राहतो. रात्री वर कोणीतरी चालल्यासारखा आवाज येतो आणि घरातील माणसे घाबरतात, तो बहुधा ह्याच्याच पावलांचा असतो.

दुसरा जवादी मांजर, ज्याला लहान कस्तुरी मांजर असेही म्हणतात. हा अंगाने सडपातळ, वजनाला दोन ते चार किलोचा. रंग भुरकट करडा. पाठीवर मानेकडून शेपटीकडे जाणारे गडद पट्टे, कुशीवर ओळीने ठिपके आणि शेपटीवर एकाआड एक काळी-पांढरी कडी. कड्यांची शेपटी ही ह्याची ठळक खूण. हा झाडावर फारसा चढत नाही. जमिनीवरच्या गवतात, झुडपात, बिळात आणि रस्त्याखालच्या मोरीत राहतो. उंदीर, घुशी, टोळ, किडे, सरडे, पक्ष्यांची अंडी आणि पडलेली फळे, जे मिळेल ते खातो. अत्तराशी ज्याचा खरा संबंध आहे तो हा.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. नावात मांजर असले तरी हे दोन्ही प्राणी मांजराच्या कुळातील नाहीत. त्यांचे कूळ निराळे आहे. मांजर, तरस, मुंगूस आणि जवादी ह्या सर्वांचे मूळ घराणे एक. पण शाखा वेगवेगळ्या झाल्या. मुंगसाला तर पूर्वीचे शास्त्रज्ञ जवादीच्याच कुळात धरीत असत. मांजराचे तोंड वाटोळे असते, जवादीचे निमुळते. त्याच्या तोंडाकडे पाहिले तर मांजरापेक्षा मुंगसाचीच आठवण अधिक व्हावी.

वास येतो कोठून?

जवादीच्या शेपटीखाली, गुदद्वार आणि जननेंद्रिय यांच्यामध्ये, एक पिशवीसारखी ग्रंथी असते. तिच्यात लोण्यासारखे मऊ, पिवळसर द्रव्य साठते. हवा लागली की ते हळूहळू तपकिरी आणि घट्ट होत जाते. हेच जवादी. आयुर्वेदातील ग्रंथांत ह्या द्रव्याला गंधमार्जारवीर्य असे नाव आहे. परंतु त्या नावावरून गैरसमज होऊ नये. ही ग्रंथी नर आणि मादी दोघांनाही असते आणि तिच्यातील द्रव्याचा वीर्याशी काही संबंध नाही.

ह्या द्रव्याचा प्राण्याला उपयोग काय? रात्री एकट्याने हिंडणाऱ्या ह्या प्राण्याची गाठ स्वजातीयांशी क्वचितच पडते. तेव्हा तो दगडाला, खोडाला, कुंपणाच्या खांबाला शेपटीखालचा भाग घासतो आणि तेथे वास ठेवून जातो. मागाहून येणाऱ्या दुसऱ्या जवादीला त्या वासावरून पुष्कळ काही कळते. येथून कोण गेले, नर की मादी, किती वेळापूर्वी. आपल्याकडे गावच्या पारावर निरोप ठेवून जाण्याची पद्धत होती, तशीच ही. माणसाने ज्याला अत्तर मानले तो मुळात एका प्राण्याने दुसऱ्या प्राण्यासाठी ठेवलेला निरोप आहे.

आता मौज अशी की हे ताजे द्रव्य कोणी थेट नाकाशी धरले तर तो तोंड फिरवील. त्याचा वास उग्र आणि किळसवाणा असतो. ह्याचे कारण त्याच्यातील काही घटक. त्यांतील स्कॅटोल नावाचा पदार्थ तर विष्ठेतही असतो. परंतु हेच द्रव्य अल्कोहोलात किंवा तेलात मिसळून अत्यंत विरळ केले की उग्रपणा नाहीसा होतो आणि एक उबदार, फुलांसारखा, मन ओढून घेणारा गंध उरतो. ऐकून नवल वाटेल, पण फुलांतही हाच प्रकार आहे. मोगरा, जाई, चमेली ह्यांच्या सुवासात इंडोल नावाचा पदार्थ असतो. तो स्कॅटोलचाच सख्खा भाऊ आणि एकटा व गाढ असता दुर्गंधी. चमेलीच्या गंधाला जी भूल पाडणारी धार असते ती पुष्कळशी ह्या इंडोलची. थोडक्यात, सुगंध आणि दुर्गंध ह्यांत नेहमीच जातीचा भेद असतो असे नाही. पुष्कळदा तो केवळ मात्रेचा असतो.

जवादीचा दुसरा गुण त्याहून महत्त्वाचा. फुलांचे अर्क फार लवकर उडून जातात. सकाळी लावलेले अत्तर दुपारी नाहीसे होते. जवादीचे रेणू जड असल्यामुळे सावकाश उडतात आणि बरोबरच्या हलक्या गंधांनाही धरून ठेवतात. रांगोळीवर घातलेला रंग वाऱ्याने उडतो, पण शेणाने सारवलेल्या ओल्या जमिनीवर तो धरून राहतो. तसेच काहीसे हे समजावे. म्हणून अत्तर करणाऱ्यांना जवादी हवी असे ती केवळ तिच्या वासासाठी नव्हे, तर इतर वास टिकविण्यासाठी.

कस्तुरी आणि जवादी

आपल्या जिल्ह्याला ह्या सुगंधी द्रव्यांचा विषय परका नाही. कारंजा लाड येथील कस्तुरीच्या हवेलीची आख्यायिका आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. लेकुरसंघई नावाच्या धनाढ्य सावकाराकडे हवेलीचे बांधकाम चालू होते. त्या वेळी एक व्यापारी उंटांवर कस्तुरी लादून गावात आला, आणि एवढी कस्तुरी घेणारा कोणी ह्या गावात दिसत नाही असे म्हणू लागला. ते सावकाराच्या कानी गेले. त्याने सगळीच्या सगळी कस्तुरी विकत घेतली आणि हवेलीच्या चुन्यात कालवून टाकली, असे सांगतात. कारंजा हे त्या काळी किती संपन्न शहर होते हे इतिहासातही नमूद आहे. १६७० साली शिवाजी महाराजांच्या फौजेने कारंज्यावर स्वारी केली तेव्हा तेथून प्रचंड लूट मिळाली होती.

ही आख्यायिका आपण अभिमानाने सांगतो. पण एकदा थोडे गणित करून पाहावे. कस्तुरी ही फक्त नर कस्तुरीमृगाच्या बेंबीजवळील गाठीत असते. एका मृगापासून सुमारे २५ ग्रॅम कस्तुरी मिळते. म्हणजे एका किलोला चाळीस मृग. एका क्विंटलला चार हजार. आणि सापळ्यात सापडणारा प्रत्येक मृग नर असतो असे नाही. माद्या आणि पाडसेही त्याच सापळ्यात मरतात. त्या हवेलीच्या चुन्यात खरोखरच उंटभर कस्तुरी पडली असेल तर तिच्यामागे हिमालयातील किती मृग संपले असतील ह्याचा विचार आख्यायिका करीत नाही. आख्यायिकेने तो करावा अशी अपेक्षाही नाही. पण आपण करू शकतो.

जवादी आणि कस्तुरी यांतला मोठा भेद येथेच आहे. कस्तुरीसाठी प्राण्याचा जीव घेतला जाई. जवादीसाठी प्राणी मारावा लागत नाही. द्रव्य काढून घेतले की काही दिवसांनी ते पुन्हा साठते. त्यामुळे ही दुभती गाय मारण्यात कोणालाच लाभ नव्हता. तिला आयुष्यभर कोंडून ठेवण्यात मात्र होता. त्याकडे पुढे येऊ.

दोघांच्या कीर्तीतही असाच भेद पडला आहे. बेंबीतील कस्तुरीचा गंध शोधीत रानोमाळ भटकणारा मृग आपल्या कीर्तन-प्रवचनांत नेहमी भेटतो. देव आपल्यातच असून आपण त्याला बाहेर शोधतो, ही शिकवण देण्यासाठी तो दृष्टांत झाला. जवादीचा गंध शेपटीखाली निघाला, त्यामुळे त्याच्या वाट्याला अध्यात्म आले नाही. त्याच्या वाट्याला आले ते मसण्या हे विशेषण.

ग्रंथांतील जवादी

लोकांनी उपेक्षा केली तरी जाणकारांनी जवादीची दखल घेतलेली दिसते. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ ह्या वैद्यकग्रंथात कापूर, कस्तुरी, चंदन इत्यादी सुगंधी द्रव्यांचा जो वर्ग आहे त्यात गंधमार्जारवीर्याचा समावेश आहे. त्याच शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त बादशहाच्या सुगंधशाळेचे वर्णन केले. त्यात तो जबाद नावाच्या द्रव्याविषयी लिहितो. मांजरासारख्या पण मोठ्या तोंडाच्या प्राण्यापासून ते मिळते, सुमात्रा बेटावरील अचीनकडून येणारे सर्वांत चांगले, असे सांगून ते धुऊन शुद्ध करण्याची रीतही त्याने दिली आहे. म्हणजे जे द्रव्य आपल्या रानात होते तेच राजदरबारात समुद्रापलीकडून मागविले जात होते.

अबुल फजलचा जबाद हा शब्द मुळात अरबी आहे. त्याच्या जवळचा एक अरबी शब्द फेस ह्या अर्थाचा आहे. हाच शब्द आपल्याकडे येऊन जवादी झाला, दक्षिणेकडे तमिळमध्ये जव्वादु झाला आणि पश्चिमेकडे इटालियन, फ्रेंच भाषांतून जात जात इंग्रजीत सिव्हेट झाला. आपण इंग्रजी पुस्तकात सिव्हेट वाचतो तेव्हा एखादे परदेशी जनावर असावे असे वाटते. वस्तुतः सिव्हेट आणि जवादी हे एकाच शब्दाचे दोन प्रवासी आहेत. एक पश्चिमेस गेला, दुसरा आपल्या दारी आला.

आपल्या मराठीलाही सुगंधविद्येची परंपरा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे ह्यांनी आपल्या हयातीत हस्तलिखिते चाळून भारतीय अत्तरे व प्रसाधने ह्यांच्या इतिहासावर विपुल लेखन केले. गंगाधर नावाच्या ग्रंथकाराचा ‘गंधसार’ आणि कोणा अज्ञात लेखकाचा ‘गंधवाद’ हे संस्कृत ग्रंथ त्यांनी अभ्यासकांच्या नजरेस आणले. त्यांपैकी ‘गंधवादा’वर जुनी मराठी टीका आहे. हे दोन्ही ग्रंथ १९८९ साली बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने छापून प्रसिद्ध केले. अत्तर कसे करावे हे कधी काळी कोणीतरी मराठीत समजावून सांगत होते, ही गोष्ट मराठीच्या विद्यार्थ्यांनी तरी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

व्यंकटेशाच्या अंगी

वाशीमचे बालाजी मंदिर अठराव्या शतकात भोसल्यांचे सरदार भवानी काळू ह्यांनी बांधले. आपल्या भागातून तिरुपतीला जाणाऱ्यांचीही संख्या मोठी आहे. परंतु तेथे जाऊन आलेल्या किती जणांना हे ठाऊक असेल की तिरुमलैच्या व्यंकटेशाच्या मूर्तीला शुक्रवारच्या अभिषेकानंतर जे सुगंधी तेल लावतात ते जवादीपासून केलेले असते? तेलुगूत जवादी मांजराला पुनुगु पिल्ली म्हणतात आणि ह्या तेलाला पुनुगु तैलम्. मूर्तीच्या पाषाणाची झीज होऊ नये, त्याला तडे जाऊ नयेत म्हणून हे तेल लावतात अशी तेथील श्रद्धा आहे.

ह्या तेलासाठी देवस्थानाने जवादी पाळले होते. तेथील रीत अशी सांगतात की पिंजऱ्यात चंदनाचा दांडा ठेवावा, प्राणी आपल्या सवयीने त्याला अंग घासतो, आणि दांड्याला लागलेले द्रव्य मग खरवडून घ्यावे. प्राण्याच्या अंगाला हात लावावा लागत नाही. तरीही वन्य प्राणी पिंजऱ्यात ठेवण्याचा प्रश्न उरतोच. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तो तेथेही उपस्थित झाला. देवाची सेवा आणि प्राण्याचे स्वातंत्र्य ह्यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न सोपा नाही. मात्र एक गोष्ट ह्यावरून निश्चित होते. ज्याला आपण मसणातला म्हणून हाकलतो त्याचेच द्रव्य साक्षात बालाजीच्या अंगी लागते.

पिंजऱ्यातील जन्म

युरोपातील सुगंधी द्रव्यांच्या व्यापाराला जवादी मुख्यतः आफ्रिकेतून, त्यातही इथिओपियातून मिळत आली. तेथील जवादी आपल्यापेक्षा बराच मोठा असतो. रानातून नर पकडून आणायचे आणि लाकडी काठ्यांच्या अरुंद पिंजऱ्यात ठेवायचे. पिंजरा इतका अरुंद की प्राण्याला धड वळताही येऊ नये. दर आठ-दहा दिवसांनी त्याला धरून ग्रंथीतील द्रव्य चमच्याने खरवडायचे आणि बैलांच्या पोकळ शिंगांत भरून परदेशी पाठवायचे, असा हा धंदा. पिंजऱ्यात ह्या प्राण्यांची वीण होत नाही, म्हणून एक मेला की रानातून दुसरा आणायचा. ह्यात कोठेही रक्त सांडत नाही. पण रात्रभर मैलोगणती हिंडणाऱ्या प्राण्याने उभा जन्म स्वतःच्या अंगाएवढ्या जागेत काढायचा, ह्याला मरणापेक्षा निराळे काय म्हणावे?

इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना ह्या व्यापाराची एक गंमतीदार हकीकत आवडेल. ‘रॉबिन्सन क्रूसो’चा कर्ता डॅनियल डीफो हा लेखक होण्यापूर्वी व्यापारी होता. १६९२ साली त्याने लंडनजवळ न्यूइंग्टन येथे सुमारे सत्तर जवादी विकत घेतले. अत्तराच्या धंद्यात पैसा मिळेल अशी त्याची कल्पना. पण त्याच वर्षी तो कर्जात बुडाला आणि त्याचे दिवाळे निघाले. शेक्सपिअरलाही हे द्रव्य परिचयाचे होते. वेड लागलेला राजा लिअर आपल्या मनातील घाण घालविण्यासाठी औषधवाल्याकडे जवादी मागतो. ‘अ‍ॅज यू लाइक इट’मध्ये तर दरबारी लोक ज्याने हात सुगंधित करतात ती जवादी किती हलक्या ठिकाणाहून येते ह्यावरून विनोद केला आहे. फ्रान्समधील शनेल कंपनीचे ‘नंबर पाच’ हे १९२१ साली निघालेले जगप्रसिद्ध अत्तर. त्यातही प्राण्यापासून काढलेली जवादी असे. १९९८ नंतर मात्र कंपनीने तिच्या जागी कृत्रिम द्रव्य वापरण्यास आरंभ केला.

सतरा मण्यांची माळ

हे कृत्रिम द्रव्य आले कोठून? त्याची कथा रसायनशास्त्रातील आहे. पण ती कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही समजण्यासारखी आहे.

जवादीच्या गंधाचा मुख्य घटक सिव्हेटोन. त्याची घडण कशी आहे ह्याचे कोडे झुरिच येथे काम करणाऱ्या लेओपोल्ड रुझिच्का ह्या शास्त्रज्ञाने १९२६ साली सोडविले. कार्बनचे अणू एकमेकांचे हात धरून साखळ्या करतात, आणि कधीकधी साखळीची दोन्ही टोके जुळून कडे तयार होते. पाच किंवा सहा अणूंची कडी तेव्हा सर्वांना माहीत होती. परंतु आठ-नऊ अणूंपेक्षा मोठे कडे टिकूच शकणार नाही, ताणामुळे ते तुटेल, असा त्या काळच्या शास्त्रज्ञांचा समज होता. रुझिच्काने दाखवून दिले की सिव्हेटोनमध्ये तब्बल सतरा कार्बन अणूंचे कडे आहे. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या गळ्यात घुंगरमाळ असते ना, तशी सतरा मण्यांची माळ डोळ्यांपुढे आणावी; तिच्या एका मण्याला ऑक्सिजनचा एक अणू लटकलेला. मोठी कडी ताठ नसतात, ती माळेसारखी हवी तशी वाकतात, म्हणून ताणाने तुटत नाहीत. कस्तुरीच्या गंधाचा घटक मस्कोन हाही असाच कडेवाला निघाला. त्याचे कडे पंधरा अणूंचे. हिमालयातील मृग आणि आपल्या नाल्याकाठचा जवादी, ज्यांचा परस्परांशी काही संबंध नाही, त्यांच्या गंधाची घडण अशी एकाच तऱ्हेची निघावी हे निसर्गाचे एक आश्चर्य होय. ह्या आणि अशा संशोधनाबद्दल रुझिच्काला १९३९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

घडण कळली की ती वस्तू बनविता येते. पुढे कस्तुरी आणि जवादी ह्या दोन्ही गंधांचे रेणू कारखान्यांत तयार होऊ लागले. सिव्हेटोन तर आता पामतेलापासून मिळणाऱ्या पदार्थांतूनही करता येतो. वनस्पतींतही हा गंध अगदीच नाही असे नाही. आपल्या भेंडीची बहीण शोभेल अशी कस्तुरीभेंडी नावाची वनस्पती आहे. तिलाच संस्कृतात लताकस्तूरी म्हणतात. तिच्या बियांना कस्तुरीचा वास येतो, आणि त्या वासामागेही असाच मोठ्या कड्याचा रेणू आहे. म्हणजे अत्तराच्या शौकिनांना ह्या गंधासाठी मृग मारण्याची किंवा जवादी कोंडण्याची आता काही गरज राहिलेली नाही. माणसाच्या बुद्धीने एका प्राण्याला पिंजऱ्यात घातले होते. माणसाच्याच बुद्धीने त्या पिंजऱ्याचे दार उघडण्याची सोय केली, असे म्हणावयास हरकत नाही.

आपल्या गावचा जवादी

अत्तराच्या दृष्टीने जवादी आता मोकळा झाला. आपल्या गावी मात्र तो अजून मोकळा नाही. येथे त्याला कोणी अत्तरासाठी धरीत नाही. येथे त्याचा शत्रू आपले अज्ञान आहे.

मसण्याऊद हे नाव ज्या समजुतीतून आले ती अशी की हा प्राणी मसणात जाऊन पुरलेली प्रेते, विशेषतः लहान मुलांची, उकरून खातो. एखाद्या गावात रात्री असा प्राणी दिसला की हां हां म्हणता गोष्ट पसरते, पोरांना घराबाहेर पाठवीत नाहीत आणि चार तरुण काठ्या घेऊन निघतात. खरे पाहता ह्या प्राण्याचे पंजे खोल खड्डे उकरण्यासाठी घडलेलेच नाहीत. उदमांजराचे सारे आयुष्य फळांवर, किड्यांवर आणि उंदरांवर चालते. मसणात तो दिसत असेलही. कारण मसणवट गावाबाहेर, नदी-नाल्याकाठी असते, तेथे वर्दळ नसते, उंबराची, चिंचेची जुनी झाडे असतात आणि त्यांना कोणी कुऱ्हाड लावीत नाही. आपण गावाभोवतालची बाकीची झाडे तोडली आणि त्याला राहण्यासाठी मसणच शिल्लक ठेवले. मग मसणात राहतो म्हणून त्यालाच दोष दिला!

दुसरा आरोप कोंबड्या चोरण्याचा. हा मात्र अगदीच खोटा नाही. खुराड्याचे दार उघडे राहिले तर जवादी कोंबडी नेतो. ज्या घरी चारच कोंबड्या असतात त्या घराला एका कोंबडीचे मोल काय असते हे मला कोणी सांगावयास नको. परंतु त्याच्या जमेची बाजूही पाहिली पाहिजे. सोयाबीन, तूर, हरभरा ह्यांच्या शेतात उंदीर आणि घुशी किती नासाडी करतात हे प्रत्येक शेतकरी जाणतो. त्यांना रात्रीचे खाणारे जे थोडे प्राणी आहेत, घुबड, धामण, मुंगूस, त्यांत जवादी आहे. उदमांजर तर फळे खाऊन त्यांच्या बिया कोसभर अंतरावर टाकतो. त्या बिया रुजतात. नाल्याकाठी कोणी न लावता उगवलेले एखादे जांभळीचे झाड कदाचित त्यानेच लावलेले असेल. खुराड्याचे दार रात्री नीट बंद करणे हा कोंबडी वाचविण्याचा काठीपेक्षा खात्रीचा उपाय आहे.

कायदाही जवादीच्या बाजूने आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने जवादी आणि उदमांजर ह्या दोघांनाही संरक्षण दिलेले आहे. त्यांची शिकार करणे, त्यांना सापळ्यात पकडणे हा गुन्हा आहे. विहिरीत पडलेला किंवा घरात शिरलेला असा प्राणी आढळला तर वनखात्यास कळवावे. त्याला डिवचू नये. वाट मोकळी ठेवली तर तो बहुधा आपणहून निघून जातो.

काठीइतकाच किंवा त्याहून मोठा धोका आता रस्त्यांचा आहे. जवादी रात्री जमिनीवरून फिरतो, आणि वाहनाच्या दिव्याने डोळे दिपले की जागच्या जागी थबकतो. आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. नागपूर ते शिर्डी हा त्याचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. कारंजा-सोहोळ अभयारण्याच्या परिसरातून जाणाऱ्या ह्या मार्गावर वन्य प्राण्यांसाठी पूल आणि भुयारी वाटा ठेवल्या आहेत, ही चांगली गोष्ट होय. पण गावोगावच्या साध्या डांबरी रस्त्यांवर अशी सोय नसते. तेथे वाहन चालविणाऱ्याच्या सावधपणावरच सारे अवलंबून आहे.

माझ्या आजीला मी हे सर्व सांगितले तेव्हा तिने बालाजीच्या तेलाची गोष्ट तेवढी दोनदा विचारून घेतली. रसायनशास्त्र, कायदा, अबुल फजल यांपैकी कशानेही तिच्या मनावर फारसा परिणाम झाला नाही. पण देवाच्या अंगी ज्याचे तेल लागते त्याला मसण्या कसे म्हणावे, हा प्रश्न तिला पडला. मला वाटते, आपल्या खेड्यांत ह्या प्राण्याची ओळख ह्याच वाटेने करून देता येईल. शहाण्या माणसांना शास्त्र सांगावे, श्रद्धाळूंना बालाजी सांगावा, शेतकऱ्यांना उंदीर सांगावेत. प्रत्येकाला पटेल असे काही ना काही ह्या लहानशा जनावरापाशी आहे.

आपल्यापैकी पुष्कळ जण खेड्यातून येतात आणि सुटीत खेड्यात परत जातात. महाविद्यालयात चार पुस्तके वाचल्याचा गावाला काही उपयोग व्हावा असे आपल्याला वाटते. पण तो कसा व्हावा हे पुष्कळदा सुचत नाही. त्याची सुरुवात एवढ्या लहान गोष्टीपासूनही होऊ शकेल. पुढच्या खेपेस गावात कोणी ‘मसण्याऊद आला’ म्हणून ओरडले आणि काठ्या निघाल्या, तर आपण पुढे होऊन त्याची शेपटी पाहावी. कडी असतील तर हा जवादी, कडी नसतील तर हा उदमांजर, असे चार जणांना सांगावे, आणि त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यावे.